पेटी बंद करण्याआधी

त्या रविवारी दुपारी शेजारच्या औषधवाल्यानं आपली खिडकी लावून घेतली. कारागिरांच्या घरात पुन्हा भांडण जुंपलं, अशी त्याची खात्री झाली होती. खरं तर आत नुसती चहाची विचारणा चालली होती.

"बाबा, चहा टाकू का?" ताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"काय?"

"चहा! चहा टाकू का, चहा?"

"टाक की. त्यात एवढं ओरडायला काय झालं?"

गेली दोन-अडीच वर्षं या घरात कुणी बाबांशी साध्या आवाजात बोललं नव्हतं. आवाज एका दिवसात चढला नाही. आधी बाबांना एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागायला लागली, मग तिसऱ्यांदा. मग पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलेलं बरं, असं ज्याचं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. दाराची घंटा बदलली, फोन बदलला. दुकानात बाबांना कुणी काही विचारलं की त्यांच्या आधी आई उत्तर देऊन मोकळ्या होत, आणि आईंना जन्मभर बोलायची हौसच असल्यामुळे बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वय वाढेल तशी ही सगळी माणसं आरडाओरडा करायला लागली आहेत, अशी त्यांची तक्रार असायची. बाबांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बाबा सोडून. त्यांना ते कळू नये यासाठी सगळ्यांनी इतकी माया खर्च केली होती की सांगता सोय नाही.

पॉलिशवाली कारखान्यात बसून हे सगळं ऐकत होती. पॉलिशवाली म्हणजे या घरची सून. घराचा पुढचा भाग गिटारींचा कारखाना, मागचा भाग घर, आणि मध्ये एक दार. सरसाचा वास घरात येऊ नये म्हणून ते लावलेलं असायचं आणि वास तरीही यायचा. लग्न होऊन आली तेव्हा गिटारला सहा तारा असतात याच्यापलीकडे तिला काही माहीत नव्हतं. मग बाबांचा जुना पॉलिशवाला डोळ्यांनी अधू झाला, आणि एका सकाळी बाबांनी लाखेत बुडवलेला कापडाचा बोळा सुनेच्या हातात दिला. संध्याकाळी तिनं पॉलिश केलेली फळी त्यांनी उजेडात तिरपी धरून बघितली आणि म्हणाले, "हात हलका आहे." त्यानंतर त्यांनी तिचं कधी कौतुक केलं नाही, पण ती अजून तेवढ्यावर भागवून होती.

तिच्यासमोर बाकावर गिटार पालथी पडली होती. पाठ बसून पेटी अजून बंद व्हायची होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं: वाफेवर वाकवलेल्या शिसवी बाजू, कडेनं बसवलेले लहान लहान ठोकळे, आणि तळाशी वरची फळी. उलट्या गिटारमध्ये वरची फळी खालीच असते. तिच्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या होत्या. ही फळी बाबांच्या वडिलांनी माळ्यावर ठेवून दिलेल्या स्प्रूस नावाच्या विलायती लाकडाची होती. त्यांच्या लाकडातला हा शेवटचा तुकडा, आणि बाबांनी जाहीर केलं होतं की आपली गिटारही ही शेवटची. ती बाबांच्या नातीला, ताईंच्या खारूला, मिळायची होती. रांगत असताना ही पोरगी आजोबांच्या बाकाखाली बसून लाकडाची सालपटं कुरतडायची, तेव्हापासून ती खारूताई आणि मग नुसती खारू. आता ती चांगली एकोणीस वर्षांची होती, पुढच्या महिन्यात तिचा मोठ्या सभागृहातला पहिला कार्यक्रम होता, आणि आजही ती समोर येईल ती पेन्सिल चावतच असे.

सगळं ठीक होतं. फक्त फळी पातळ झाली होती.

बाबा फळीची जाडी कधी मोजत नसत. मुलानं आणून दिलेलं जाडी मोजायचं उपकरण डब्यातून बाहेरही निघालं नव्हतं, आणि तो डबा पुढचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला टेकवलेला असे. या कारखान्यात रीत एकच होती. फळी दोन बोटांत लटकती धरायची, टिचकी मारायची, रंधा फिरवायचा, पुन्हा टिचकी मारायची. सुरुवातीला फळी दार ठोठावल्यासारखी नुसती वाजते. मग एका घडीला टिचकीच्या शेवटी एक बारीक, उंच, लांबत जाणारा सूर येतो. तो आला की थांबायचं. त्यानंतर एक सालपटही काढायचं नाही.

तो सूर आला होता. महिन्यापूर्वी एका सकाळी पॉलिशवाली पलीकडच्या खोलीत लाख भिजत घालत होती, तेव्हा तिनं तो भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकला आणि मनात म्हणाली, झालं. आणि मग रंधा पुन्हा चालू झाला. बाबांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं स्वतःला सांगून ती लाख ढवळत राहिली. दुपारीही रंधा चालूच होता. दुसऱ्या दिवशीही. काल फळीच्या बाहेरच्या अंगाला लाखेचा पहिला हात द्यायला ती बसली, तर बोळा टेकवला की फळी खाली जायची आणि हात उचलला की वर यायची. श्वास घेतल्यासारखी. खिडकीशी धरली तेव्हा पलीकडची स्वतःची बोटं तिला सावलीसारखी दिसली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सकाळी तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. नवरा दातांचा डॉक्टर. आरशासमोर उभा राहून तो दाढी करत होता.

"अहो, फळी पातळ झालीय."

"किती?"

"पार गेलीय. मधे तर बोटानं दबते."

डॉक्टरांनी वस्तरा खाली ठेवला. "बाबांना बोललीस?"

"काय बोलू? फळी पातळ का झाली, असं ते विचारणारच ना. मग काय सांगू?"

डॉक्टरांनी अर्ध्या फेसाळलेल्या चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. "आज नको," ते म्हणाले. "आज सगळे जमणार. ताई येणार, खारू येणार. मी त्यांना नंतर निवांत सांगतो."

"पेटी बंद झाल्यावर?"

डॉक्टरांनी वस्तरा पुन्हा उचलला. लोकांच्या तोंडात हात घालून दुखरा दात एका झटक्यात उपटणारा हा माणूस वडिलांच्या बाबतीत मात्र नेहमी पुढची तारीख द्यायचा.

चहाच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली. आई खुर्चीवर बसून सफरचंदं चिरत होत्या. त्यांचे गुडघे आता उभं राहू देत नसत, पण सुरी मात्र त्या दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देत नसत. ताई कपांत चहा गाळत होत्या.

"काय गं, तोंड का पडलंय तुझं?" ताईंनी विचारलं. ताईंच्या नजरेतून काही सुटत नसे. बँकेत त्यांच्या हाताखालचे लोक त्यांना टरकून असत ते उगीच नाही.

पॉलिशवालीनं सांगून टाकलं. दार लोटलेलं होतं, आणि तसंही ते लोटायची काही गरज नव्हती.

ताई गाळणी हातात धरून ऐकत राहिल्या. "पण पातळ फळीचा आवाज मोठा येतो ना? बाबाच म्हणतात."

"येतो. पहिले काही महिने."

"म्हणजे खारूच्या कार्यक्रमाला..."

"कार्यक्रम झकास होईल, ताई. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील." तिनं एक कप बाजूला सरकवला. "पण तारा रात्रंदिवस फळीला ओढत असतात. वर्षभरात तारांखालचं पोट फुगेल, भोकापाशी खड्डा पडेल आणि फळी बसेल. मग त्या गिटारचं काही करता येत नाही."

"मग वर्षभरानं बघू ना!" ताईंचा आवाज सवयीनं चढला आणि मग त्यांनी तो मुद्दाम खाली आणला. "खारूच्या हातात आजोबांची गिटार असावी, हे ती पोटात होती तेव्हापासून मी म्हणतेय. मला स्वतःला जमलं नाही. लग्न, नोकरी, सगळ्यात राहून गेलं. निदान तिला तरी... आणि खरं सांगू? तुझं एक बरं आहे. तू बाहेरून आलीस आणि बाबांचा उजवा हात झालीस. आम्ही त्यांची पोटची पोरं, आम्हाला मात्र काही कळत नाही."

हे लागलं. नणंदेशी तिचं तसं बरं चालायचं. दोघी मिळून डॉक्टरांची टिंगल करायच्या, आईंच्या औषधांवरून दोघी एकदिलानं आईंशी भांडायच्या. पण असा एखादा शब्द ताईंच्या तोंडून वर्षातून एकदा निघायचाच. ती काही बोलणार एवढ्यात आईंनी सुरी ताटलीत ठेवली.

"दोघी गप्प बसा," आई म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलल्या की दोघी दचकल्याच. "त्यांचे कान गेलेत हे मला तुमच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. मी त्यांच्याशेजारी झोपते. पण हा माणूस सकाळी उठतो तो त्या बाकापाशी जायला उठतो. तुम्ही त्यांना सांगाल आणि आपापल्या कामाला लागाल. मागे राहिलेल्या माणसाबरोबर राहायचंय मला." त्यांनी सुनेकडे बघितलं. "सूनबाई, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आज सगळे म्हणतील तसं तूही बंद करा म्हण. माझ्यासाठी म्हण."

खरंच मागितलं नव्हतं. या बाईनं तिला आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या दिल्या होत्या आणि बदल्यात गप्पा ऐकण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. पॉलिशवालीनं मान हलवली. तो होकार होता की नकार, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

चहा झाल्यावर सगळे कारखान्यात जमले. बाबा स्वच्छ धुतलेला सदरा घालून, वर तोच जुना डागाळलेला एप्रन बांधून बाकामागे उभे होते. शेगडीवर गरम पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं ठेवलेलं होतं. बाबांनी ब्रशाच्या टोकाचा सरस अंगठा आणि बोट यांच्यात घेऊन ओढून बघितला. त्यानं तार धरली.

"झाला," ते म्हणाले. "आता वेळ घालवू नका. तर आपली रीत..."

"आजोबा, माहितेय आम्हाला!" खारू ओरडली.

"माहीत असलं तरी ऐकायचं. फुकट चहा प्यायलात ना?"

रीत त्यांच्या वडिलांनी घातलेली होती. पाठ चिकटवून पेटी बंद केली की आतलं काम जन्मभरासाठी झाकलं जातं, म्हणून बंद करण्याआधी घरातल्या प्रत्येकानं टिचकी मारून ऐकायचं आणि 'बंद करा' म्हणायचं. एकानं जरी 'नको' म्हटलं तरी पेटी बंद होत नाही. आणि नको म्हणायला कुणाचीही आडकाठी नाही, फक्त जो नको म्हणेल त्यानं ती गिटार स्वतःच्या हातानं पुरी करायची. बाबांचे एक काका होते. प्रत्येक कामात खोड काढायचे आणि स्वतः कधी खिळा ठोकायचे नाहीत. त्यांच्यासाठी हे दुसरं कलम घालावं लागलं, आणि ते घातल्या दिवसापासून काकांना सगळ्या गिटारी पसंत पडायला लागल्या.

"आजवर एकदाच कुणीतरी नको म्हटलंय," बाबा म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे इथे थांबले.

"तुम्ही!" सगळे एकसुरात ओरडले.

"मी. मिसरूडही फुटलं नव्हतं. वडिलांना वाटलं, जिरवावी याची. रंधा माझ्या हातात दिला आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले." बाबा हसले. "चला. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता. मागून कुरकुर चालणार नाही."

सगळ्यात लहान खारू, म्हणून ती पहिली. तिनं गिटार मानेनं उचलली, कानाशी नेली आणि टिचकी मारली. तिचा चेहरा जरा बदलला. तिनं पुन्हा टिचकी मारली आणि नजर थेट मामीकडे वळवली. हिनं ऐकलं, पॉलिशवालीच्या मनात आलं. शेवटी कान आजोबांचेच घेतलेत पोरीनं. खारूनं आजोबांकडे बघितलं. ते दोन्ही हात बाकावर टेकून, डोळे मिचकावत तिची वाट बघत होते.

"बंद करा, आजोबा!" खारू ओरडली. ओरडताना तिचा आवाज किंचित चिरकला.

डॉक्टरांनी दाढ तपासतात तशी बेतानं टिचकी मारली, बायकोकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "बंद करा, बाबा!" ताई म्हणाल्या, "बंद करा!" आईंनी टिचकी मारलीच नाही. त्यांनी गिटारच्या कडेवरून नुसता हात फिरवला. "बंद करा आता, सरस थंड होतोय," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

यापुढे पॉलिशसाठी ज्याच्या हाती गिटार जायची त्याचं मत शेवटी, म्हणून पॉलिशवाली सगळ्यात शेवटी. तिनं गिटार उचलली. फार हलकी होती. तिनं टिचकी मारली. खालून एक मोठा, ढगळ, घुमणारा आवाज आला. वरचा तो बारीक सूर कुठेच नव्हता. जो महिनाभरापूर्वी भिंतीतून आरपार आला होता, तो सालपटांबरोबर केव्हाच केरात गेला होता.

तिला आईंची दया आली. ताईंचीही आली, कारण आपल्या मुलीसाठी काही हवं असण्यात काय चुकलं? पण मग तिनं बाबांकडे बघितलं. ते खुशीत होते. त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच बाकाशी, त्यांच्या वडिलांनी घातलेल्या रीतीनुसार सगळं घर एक होऊन त्यांना फसवत होतं आणि ते सगळ्यांकडे कौतुकानं बघत होते. तिला ते बघवेना.

"नको," ती म्हणाली. साध्या आवाजात. बाबा सोडून ती कुणाशीही बोलायची तशी.

डॉक्टर जमिनीकडे बघत राहिले.

"झालं तर मग!" बाबा म्हणाले, आणि त्यांनी ब्रश सरसात बुडवला.

क्षणभर सगळ्यांना वाटलं की हे असंच निभावून जाईल. ती म्हणाली, त्यांना ऐकू आलं नाही, संपलं. ताईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. त्या मानेत धाक नव्हता, विनवणीच होती. बाबांनी ब्रश उचलला आणि शिसवी बाजूच्या कडेवर आणला. पॉलिशवालीनं आपला तळवा त्या कडेवर ठेवला. गरम सरसाचा ओघळ तिच्या बोटांवर पडला. तिनं हात काढला नाही.

"मी नको म्हणाले, बाबा."

बाबांना तिचे ओठ दिसले, हात दिसला. त्यांनी आईंकडे वळून विचारलं, "काय म्हणते ही?"

आईंनी तोंड उघडलं. जन्मभराची सवय ती.

"आई," पॉलिशवाली म्हणाली, "तुम्ही नका सांगू."

आईंनी तोंड मिटलं. लग्न झाल्यापासून बाबांनी एखादी गोष्ट विचारली आणि आई गप्प राहिल्या, असं बहुधा पहिल्यांदाच झालं असावं. बाबा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघू लागले. मुलाकडे, मुलीकडे, नातीकडे. कुणी ओरडत नव्हतं. शेगडीवरचं पाणी रटरटत होतं, आणि तेही त्यांना ऐकू येत नव्हतं हे प्रत्येकाला माहीत होतं.

"तू बोलतेयस," बाबा सावकाश म्हणाले. "तुझे ओठ हलताना दिसतायत मला. तू हळू बोलतेस का?"

तिनं मान हलवली. नाही. आणि त्यांच्या अगदी समोर येऊन, ओठ दिसतील असं म्हणाली, "नेहमीसारखंच बोलतेय."

"आणि हे सगळे?"

"मोठ्यानं."

बाबांनी ब्रश भांड्यात ठेवला. पॉलिशवालीनं त्यांचा उजवा हात धरला, त्यांचा अंगठा फळीच्या मध्यावर नेला आणि वरून आपल्या अंगठ्यानं दाबला. फळी खाली गेली. तिनं दाब काढला तशी वर आली. बाबांचा अंगठा तिथेच राहिला. मग त्यांनी स्वतःहून एकदा दाबून पाहिलं, कडेला, मध्ये, पुन्हा कडेला. आपण काय करून बसलो ते कळायला त्या अंगठ्याला कानांची गरज नव्हती. पण आजवर त्यांनी अंगठ्याला कधी काही विचारलंच नव्हतं.

"सूर आला होता?" त्यांनी विचारलं.

"आला होता. मी भिंतीपलीकडून ऐकला. मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"आला होता," बाबा स्वतःशी म्हणाले. ते स्टुलावर बसले. "मला वाटलं लाकूड मेलं. वडिलांनी एवढं जपून ठेवलेलं लाकूड, माझ्या हाती आलं आणि मुकं झालं. रोज वाटायचं, अजून थोडं काढलं तर बोलेल. अजून थोडं." त्यांनी मान वर केली. "म्हणजे लाकूड चांगलं होतं?"

"फार चांगलं होतं, बाबा. आहे."

यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःखच होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. महिनाभर ज्या माणसाला आपण वडिलांची ठेव वाया घालवली असं वाटत होतं, त्याला निदान ते लाकूड तरी परत मिळालं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. खारू तर केव्हाची रडत होती.

"तुला माहीत होतं?" बाबांनी आईंना विचारलं.

आईंनी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे दुकानात तू मधे मधे बोलायचीस ते..."

"ते थोडं हौसेनंही!" आई ओरडल्या, आणि रडता रडता हसल्या. बाबाही हसले. मग आई खुर्चीचा हात धरून उठल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी बाकाला वळसा घालून आल्या आणि त्यांच्या स्टुलाला खेटून उभ्या राहिल्या. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. पण जाता जाता तिच्या पाठीवर हात टेकवून, तिचा आधार घेऊनच त्या पुढे गेल्या होत्या.

ताई मघापासून भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी फडकं ओलं करून आणलं आणि भावजयीच्या बोटांवरचा सुकत आलेला सरस पुसायला घेतला.

"भाजलं का गं?"

"थोडंसं."

"हात नाही का काढायचा, वेडे?" ताई चिडून म्हणाल्या आणि एकेक बोट पुसत राहिल्या. मग मान खाली घालूनच त्यांनी लेकीला विचारलं, "कार्यक्रमाचं काय करशील?"

"जुन्या गिटारवर वाजवीन," खारू नाक पुसत म्हणाली. "हात तेच आहेत ना."

बाबांचं इकडे लक्ष नव्हतं. ते फळीवर वाकून आतल्या पट्ट्या बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर कामाची आठी पडली. "आतून पट्ट्या वाढवता येतील," ते म्हणाले. "या दोन काढून उंच बसवायच्या, कडेला आणखी दोन. आवाज लहान होईल. पण टिकेल." त्यांनी खण ओढला, त्यातून मूठ झिजून काळी झालेली एक बारीक पटाशी काढली आणि बाकावर सरकवली. "नको कोण म्हणालं?"

पॉलिशवाली एक पाऊल मागे सरली. "बाबा, मला लाखेपलीकडे काही येत नाही." मग ध्यानात येऊन तिनं ते त्यांच्यासमोर तोंड करून पुन्हा सांगितलं.

"मला तरी कुठे येत होतं? दाखवीन मी. हात अजून शाबूत आहेत माझे, डोळेही आहेत."

"आणि थांबायचं कुठे, ते?"

"ते तू ऐकायचं." बाबांनी स्टूल ओढून बरोबर तिच्या समोर घेतलं. "मी तुझं तोंड बघत बसतो."

"बाबा!" डॉक्टर एकदम ओरडले. "माझ्या ओळखीचा कानांचा डॉक्टर आहे! फार चांगला!"

"मग आजवर काय त्याला लोणच्यात घालून ठेवला होतास?" बाबा म्हणाले. "उद्या ने मला." डॉक्टरांनी पहिल्यांदाच पुढची तारीख न देता मान डोलावली.

पलीकडे औषधवाल्यानं खिडकी उघडून कानोसा घेतला. कारागिरांकडे इतकं शांत त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि काहीतरी नक्की बिनसलंय अशी त्याची खात्री झाली. आत शेगडी विझवली होती. सरस जाड होऊन त्यावर साय धरली होती. पॉलिशवालीनं पहिली पट्टी भीत भीत सोडवली, गिटार उचलून टिचकी मारली, आणि बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिच्या भुवया आक्रसल्या तसे तेही जरासे पुढे झुकले.

"आजोबा, मग पेटी बंद कधी करायची?" खारूनं विचारलं. सवयीनं तिनं ते मोठ्यानंच विचारलं होतं, त्यामुळे बाबांना ऐकू आलं.

"मला काय विचारतेस?" सुनेच्या चेहऱ्यावरची नजर न काढता बाबा म्हणाले. "तिला विचार."